निंबखुट्याच्या माहेरवाशिणी आणि नमुना सहा

"नोकरीतल्या आठवणी लिहा," असा संपादकांचा फोन आला, तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "तुमी नौकरीत काय केलं म्हनून लिवसान?"

प्रश्न रास्त होता. तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत मी बावीस वर्षं कारकुनी केली, शेवटी अव्वल कारकून होऊन घरी आलो. या काळात मी कोणाला निवडून आणलं नाही आणि पाडलंही नाही. पण कोण मत देऊ शकतो आणि कोण नाही, हे मात्र माझ्या हातच्या यादीवर ठरत होतं, आणि याची मला मनातल्या मनात बरीच मिजास होती.

लोकांना वाटतं निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते, म्हणजे मधली वर्षं हे बाबू पंख्याखाली पाय पसरून झोपत असतील. पंखा होता, पण तो आमच्या साहेबांच्या खोलीत. आम्हाला यादी होती. मतदारयादी म्हणजे सगळा तीन माणसांचा खेळ असतो: एक मेलेला, एक लग्न झालेली आणि एक पुण्याला गेलेला. तिघांपैकी एकही जण कचेरीत येऊन "बाबू, माझं नाव काढा" असं सांगत नाही. तिघांनाही आपणच शोधायचं. नाव घालायचं तर अर्जाचा नमुना सहा, काढायचं तर नमुना सात. मी झोपेत कूस बदलली तरी आधी सहाच्या अंगावर आणि मग सातच्या, असं बायको म्हणते.

चुका व्हायच्या. एका गावात दोन भावांपैकी थोरला वारला आणि मी नाव काढलं धाकट्याचं. धाकटा दुसऱ्याच आठवड्यात कचेरीत हजर. मला वाटलं, जिवंतपणी मारलं म्हणून भांडेल. तो म्हणाला, "मले मारलं त्याचं काई नाई बाबू. पन थो मेल्यावर बी यादीत काऊन? जिता होता तव्हा वावर त्याले, बैल त्याले, आता मेल्यावर मत बी त्यालेच?" त्याची समजूत घालायला मला दोन चहा लागले.

तर आता निंबखुट्याकडे येतो. निंबखुटा हे गाव, आणि निंबखुटा हाच विधानसभेचा मतदारसंघ. आज गाव आहे, मतदारसंघ नाही. पुनर्रचनेत तो पुसला गेला, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. नकाशावर हा मतदारसंघ दोरीवर वाळत घातलेल्या फाटक्या बनियनसारखा दिसायचा. खालचं टोक पूर्णेच्या काठाला, वरचं सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यात निंबखुट्यापेक्षा चौपट मोठी दोन गावं होती, बाजाराची, शाळा-कॉलेजांची. मग नाव या एवढ्याशा गावाचं कसं? याबद्दल आमच्या कचेरीत एक ऐकीव हकिगत चालायची. अगदी पहिल्यांदा जेव्हा संघ आखले, तेव्हा ती दोन मोठी गावं नावासाठी इतकी भांडली, की आखणी करणारा अधिकारी वैतागून जीपमध्ये बसला आणि जेवायला निंबखुट्यात उतरला. तिथं त्याला ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं. भरीत खाऊन त्यानं कागदावर जे नाव लिहिलं, ते पुढं पन्नासेक वर्षं टिकलं. खरं-खोटं कोण जाणे. पण निंबखुट्यात ही गोष्ट सांगितली की प्रत्येक घर म्हणतं, "भरीत आमच्याच घरचं व्हतं."

बाकी गावात काही नव्हतं. पाणी खारपाणपट्ट्यातलं, चहासुद्धा खारट. मी पहिल्यांदा प्यालो तेव्हा कोणीतरी मुद्दाम मीठ टाकलं असं वाटून तोंड वाकडं केलं होतं. एस.टी. दिवसातून दोनदा, तीही मनात आलं तर. पण निकालाच्या दिवशी रेडिओवर बातम्यांत "निंबखुटा" असा उच्चार झाला की सगळं गाव चावडीसमोर ताठ बसायचं. निवडून कोण आलं हे नंतर. आधी विचारायचे, "नाव घेतलं का नाई?" घेतलं म्हटलं की निम्मे लोक तिथूनच घरी जायचे.

या संघाचा कायमचा उमेदवार म्हणजे रशीदभाई टेलर. दर निवडणुकीला अपक्ष उभे राहायचे. चिन्ह शिलाई मशीन मिळालं नाही तर अर्ज मागं घेतो, असं मला दर वेळी बजावायचे. प्रचार दुकानात बसूनच. पायजाम्याचं माप घेता घेता मत मागायचे, आणि गिऱ्हाईकाची कंबर टेपमध्ये असल्यामुळे ते नाही म्हणू शकत नसे. एका निकालानंतर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाबूसाब, हमारे घरके पाँच लोग, और गाँवमे मेरे वोट तीन. ये दो कौन हैं, उतना बता दो." मी म्हटलं, मतदान गुप्त असतं. ते म्हणाले, "गुप्त बाहरवालोंसे ना! घरमे काहेका गुप्त?"

एके दिवशी वरून जाड पाकीट आलं. मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा मसुदा. मी नकाशा टेबलावर पसरला. आपलं बनियन कुठं दिसेना. वरचा तुकडा एका संघात, खालचा दुसऱ्यात. निंबखुटा नाव कुठंच नव्हतं. ज्याला हरकत असेल त्यानं अर्ज करावा, अमुक दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी होईल, असं खाली लिहिलेलं.

त्या वेळी निंबखुट्याच्या सरपंच काशीबाई होत्या. जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून लोकांनी उभं केलं, आणि निवडून आल्यावर या बाई खरंच कारभार करतात हे पाहून लोकांना धक्का बसला होता. साक्षरता वर्गात शिकल्या होत्या. वाचायच्या सावकाश, पण एक अक्षर सोडायच्या नाहीत. त्या रशीदभाईंना घेऊन कचेरीत आल्या. पदर खोचून माझ्यासमोर बसल्या.

"बाबूसाहेब, आमचं नाव काढून राह्यले म्हंते."

"गाव कुठं जात नाही, काशीबाई. मतदारसंघाचं नाव जातंय."

"तेच तं म्हनून राह्यली मी. माह्यं लगन झालं तव्हा माह्या माहेरी लोकं पुसत, पोरगी कोठी देल्ली? बाप सांगे, निंबखुट्याले. मंग थे म्हनत, मतदारसंघाचं निंबखुटा? बाप म्हने, हाव! त्याची छाती अशी व्हये. आता गावातल्या सुनाईचे बाप काय सांगतीन?" मग त्या म्हणाल्या, "मी गरामसभेत शबद देऊन बसली, नाव जाऊ देत नाई. काऊन काढून राह्यले ते सांगा."

"माणसं कमी पडतात म्हणून," मी म्हणालो. "संघ माणसांच्या आकड्यावर आखतात."

"मंग यादीत नावं वाढोली तं वाचते काय?"

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. पुनर्रचना जनगणनेच्या आकड्यावर होते. ती गणना होऊन गेली आहे. मतदारयादीत आता तुम्ही अख्खा जिल्हा घातलात तरी त्या आकड्यात एकाचीही भर पडणार नाही. एवढंच. मला ते पक्कं माहीत होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या तालुक्याची झाडाझडती झाली होती. यादीत बायकांची नावं फार कमी, वाढवा, नाहीतर खुलासा द्या. खुलाशाचा मसुदा माझ्या टेबलावर अर्धवट पडला होता. मी काशीबाईंकडे पाहिलं, खुलाशाकडे पाहिलं, आणि म्हणालो, "वाढवून तर पाहा."

हे मी बोललो. दुसऱ्या कोणी नाही.

काशीबाई उठल्या. गावात जाऊन त्यांनी हिशेब मांडला, की यादीत नाहीत अशी गावची माणसं कोण? पोरं पुण्याला, सुरतेला. ती काही येणार नाहीत. मग उरल्या लग्न होऊन गेलेल्या लेकी. गावानं सगळ्या लेकींना सांगावे धाडले. फोनवर, एस.टी.च्या कंडक्टरबरोबर, बाजारात भेटलेल्या माणसाबरोबर. निरोप एकच: गावाचं नाव चाललं, आठ दिवस माहेरी या.

आणि त्या आल्या हो! सण नाही, वार नाही, कोणाचं बाळंतपण नाही, आणि मलकापूरपासून वरवट बकालपर्यंत जिथं जिथं निंबखुट्याची लेक दिली होती तिथून ती निघाली. रशीदभाईंच्या तिन्ही मुली आल्या, त्यातली एक पार बऱ्हाणपुराहून. म्हणजे एका मतदारसंघासाठी दुसऱ्या राज्यातून कुमक. रशीदभाईंनी मशीन बाजूला सारून दुकानात नमुना सहा भरायला घेतले. पाच दिवसांनी माझ्या टेबलावर गठ्ठा आला. लेकींचे दोनशे तेरा अर्ज. प्रत्येकीचा राहण्याचा पत्ता निंबखुटा.

एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं हा गुन्हा आहे. म्हणून अशा अर्जांची घरोघर चौकशी करावी लागते. मी वही घेऊन गेलो. पहिल्या घरात पाच बाया ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"ही कुठं राहते?" मी एकीकडे बोट करून विचारलं.

"अथीच," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"जलमापासून."

"आणि हे कोण?" ओसरीच्या कोपऱ्यात एक गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"थे जवाई हायेत. पाहुने. आताच आले."

"न्याले आलो होतो," जावई खिन्नपणे म्हणाले. "चार दिवस झाले."

पुढच्या घरीही तसंच. तिसऱ्या घरी तर मुलीनं मला विचारलं, "बाबू, तुमी उद्या बी येसान का? आज म्हना, घरी नोयती सापडली. मंग अजून एक दिवस भेटते." मी वहीत लिहिलं: अर्जदार समक्ष आढळून आली. हे खोटं नव्हतं. ती समक्ष होती, आढळलीही होती.

आठव्या दिवशी जावयांचं शिष्टमंडळ कचेरीच्या व्हरांड्यात येऊन धडकलं. वीस-पंचवीस माणसं, दाढ्या वाढलेल्या, शर्टाच्या गुंड्या वरखाली. मलकापूरचा एक पंक्चरवाला त्यांचा पुढारी होता. तो माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्या बाया कव्हा सोडता?"

"मी कुठं धरल्या?"

"सरकारी काम हाय म्हंते. आमी इचारलं तं म्हंते, नमुना सहा चालू हाय. साहेब, आठ दिवस झाले, मी खिचडी खाऊन राह्यलो. थे बी कच्ची. तुमचा काय नमुना असन थो करा, सात करा, आठ करा, पन बायकोले धाडून द्या."

मागून दुसरा म्हणाला, "मायी माय म्हने, नवी सून सरकारनं नेली."

मी त्यांना चहा पाजला आणि सगळे अर्ज मंजुरीला पाठवले. चौकशीत एकीविरुद्धही शेरा मारला नाही. महिनाभरात बायकांच्या नावात आमचा तालुका जिल्ह्यात पुढं निघून गेला. खुलासा मागणाऱ्यांनीच मला टाळ्या वाजवून प्रशस्तिपत्र दिलं. फोटोत मी हसतो आहे. तो फोटो मी घरात भिंतीकडं तोंड करून ठेवला आहे.

मग सुनावणीचा दिवस आला. निंबखुट्याहून ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून माणसं जिल्ह्याला गेली. मीही तहसीलदारांच्या मागं कागद सांभाळत उभा होतो. वरून आलेले मोठे साहेब शांत, सभ्य होते. काशीबाई उठल्या. हातात कागद होता, पण त्यांनी तो वाचला नाही.

"साहेब, तुमी म्हंता मानसं कमी. आमी वाढोली. दोनशे तेरा. आमच्या लेकी आनल्या, त्याईचे संसार आठ दिवस बंद ठेवले. आता नाव ठेवा."

रशीदभाईंनी पुरवणी यादी पुढं ठेवली. ती त्यांनी मखमली कापडात बांधून आणली होती, कोणाच्या तरी शेरवानीचं उरलेलं असावं. साहेबांनी गाठ सोडली, पानं उलटली आणि फार हळू आवाजात म्हणाले, "बाई, पुनर्रचना जनगणनेवर होते. मतदारयादी त्यासाठी धरत नाहीत. तुम्हाला यादी वाढवायला कोणी सांगितलं?"

काशीबाईंनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

नोकरी, पेन्शन, भिंतीवरचा फोटो, सगळं डोळ्यांपुढं आलं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी माझं तिथंच आटोपलं असतं. काशीबाई साहेबांकडे वळल्या.

"कोनी नाई, साहेब. आमचाच समज झाला."

निंबखुटा मतदारसंघ गेला. परतीच्या वाटेवर रशीदभाई मला एवढंच म्हणाले, "अब मैं खडा कहाँसे रहूँ, बाबूसाब? मशीन लेके किधर जाऊँ?" काशीबाई ट्रॉलीत पुढं तोंड करून बसल्या होत्या.

आणि पुढं माझंच केलेलं माझ्या गळ्यात आलं. त्या लेकींची नावं सासरच्या यादीतही होती, हे यथावकाश वर कळलं. हुकूम आला: दुबार नावं कमी करा. आता कायदा असा, की नाव काढण्याआधी त्या माणसाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणजे मी दोनशे तेरा नोटिसा काढल्या, सासरच्या पत्त्यावर. अमुक दिवशी निंबखुट्याच्या शाळेत जातीनं हजर राहावं.

त्या पुन्हा आल्या. या वेळी तर हातात शिक्क्याची नोटीस होती, कोणत्या सासूची बिशाद होती अडवायची? शाळेत मी टेबल लावून बसलो. सकाळपासून ओळ लागली. काशीबाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी ओळीतल्या पहिलीला हात केला.

पहिली पुढं आली. मी विचारलं, "इथलं नाव कमी करायला हरकत आहे का?"

ती म्हणाली, "हाव, हरकत हाय."

"काय हरकत?"

"जलम अथीच झाला."

मी जबाब लिहिला: रा. सासरचं गाव, माहेर नि.खुटा.

काशीबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "पुरं लिवा."

"जागा कमी आहे हो."

"पुरं लिवा, बाबूसाहेब. नकाशावर जागा नोयती, तुमच्या कागदावर बी नाई काय?"

मी पूर्ण लिहिलं. निंबखुटा. दुसरीचीही तीच हरकत, तिसरीचीही. सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं, हे मला पाचव्या जबाबाला कळलं. निंबखुटा, निंबखुटा, निंबखुटा. हरकत नोंदवून घ्यायची आणि नाव काढायचं, एवढंच माझ्या हाती होतं. दुपारच्या जेवणाला कोणी विचारलं नाही. ऊन कलेपर्यंत माझं बोट पेनापाशी आखडून गेलं. रशीदभाईंची बऱ्हाणपूरची मुलगी शेवटची होती. तिनं हरकत सांगितली, सही केली आणि नाव कमी झालं. दोनशे तेरा.

मी कागद गोळा करू लागलो, तशी काशीबाई म्हणाल्या, "एक राह्यला."

"कोणाचा?"

"तुमचा. लिवा जबाब."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मला राग आला, खरंच आला. सरकारी कर्मचारी होतो मी. मग मला सुनावणीतला तो क्षण आठवला. त्यांनी माझ्याकडे वळवलेली मान, आणि नंतर साहेबांकडे वळवलेली. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: यादीत नावं वाढवून मतदारसंघ वाचणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगितलं नाही. माझ्या सोयीसाठी सांगितलं नाही. मला याची लाज वाटते.

काशीबाईंनी कागद हातात घेतला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचला. 'सोयीसाठी'पाशी थांबल्या, परत वाचलं. मग तो टेबलावर ठेवला.

"सही करा."

मी सही केली.

"रा. कोठचे, ते नाई लिवलं."

"रा. खामगाव लिहितो."

"निंबखुटा लिवा."

"काशीबाई, मी इथं राहत नाही. हे खोटं निवेदन होईल. आज दिवसभर मी याच कारणासाठी दोनशे तेरा नावं काढली."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "लिवा. एक तं वाढू द्या."

मी लिहिलं. पूर्ण लिहिलं.